पुस्तकाचे दुकान आणि पुस्तकाचे संकेतस्थळ : मराठी ग्रंथखरेदीच्या दोन पद्धतींची चिकित्सा

प्रस्तावना

ऑनलाइन खरेदी आणि प्रत्यक्ष दुकानातील खरेदी यांची तुलना हा वाणिज्य व व्यवस्थापन शाखांतील प्रकल्प-अहवालांचा आवडता विषय झालेला आहे. अशा बहुतेक अहवालांत एक तक्ता असतो. डावीकडील रकान्यात किंमत, सोय, विविधता, वेळेची बचत, सुरक्षितता, वस्तू परत करण्याची मुभा असे निकष मांडलेले असतात आणि पुढील दोन रकान्यांत दोन्ही पद्धतींना गुण दिलेले असतात. बेरीज केली की ऑनलाइन खरेदी सरस ठरते. आणि अखेरीस ‘दोन्ही पद्धतींचे आपापले फायदे-तोटे आहेत’ असे वाक्य लिहून विषय मिटविला जातो. ग्राहकाला काय हवे आहे हे त्याला आधीच ठाऊक आहे, प्रश्न एवढाच की ती वस्तू त्याने कोठून घ्यावी, हे या तक्त्यामागचे न सांगितलेले गृहीतक होय. मोबाइलचा चार्जर किंवा प्रेशर कुकरची रिंग यांच्या बाबतीत हे गृहीतक चालून जाते. पुस्तकाच्या बाबतीत ते चालेल काय, याची तपासणी प्रस्तुत निबंधात मराठी ग्रंथव्यवहाराच्या मर्यादेत केली आहे.

पुस्तकाचीच निवड करण्यास आणखी एक कारण आहे. आजचा ऑनलाइन व्यापार पुस्तकाच्याच पाठीवर उभा राहिला. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या अॅमेझॉनने १९९५ मध्ये विक्री सुरू केली ती पुस्तकांची. बेंगळुरूच्या फ्लिपकार्टचा आरंभही २००७ मध्ये पुस्तकांनीच झाला. आणि २०१३ मध्ये अॅमेझॉन भारतात उतरली तेव्हाही पहिल्या मालात पुस्तके होती. पुढे या कंपन्या वाणसामानापासून वातानुकूलन यंत्रांपर्यंत सर्व काही विकू लागल्या आणि त्यांच्या पसाऱ्यात पुस्तक हा एक लहानसा विभाग होऊन राहिला. परंतु दुकानदारीचे जे रूप त्यांनी रूढ केले, त्याची घडण पुस्तकावर झालेली आहे.

दूरस्थ खरेदीची जुनी परंपरा

घरबसल्या पुस्तक मागविणे ही गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. भारतीय टपाल खात्याने १८७७ मध्ये व्ही.पी.ची सोय केली. पुस्तकाचे पार्सल पोस्टमनने घरी आणावे, ग्राहकाने त्याच्या हाती पैसे द्यावेत आणि ते मनीऑर्डरने विक्रेत्याकडे परत जावेत, अशी ही व्यवस्था. नियतकालिकांच्या मलपृष्ठावरील जाहिरात वाचून पोस्टकार्ड टाकणारा आणि व्ही.पी.ची वाट पाहणारा खेड्यातील शिक्षक हा ग्रंथव्यवहाराचा दुर्लक्षित आधारस्तंभ होता. बँकेचे कार्ड नसलेल्या ग्राहकांसाठी फ्लिपकार्टने २०१० मध्ये ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ सुरू केली तेव्हा त्या योजनेचे मोठे कौतुक झाले. वस्तुतः ती व्ही.पी.चीच नवी आवृत्ती होती. व्ही.पी. न सोडविता परत पाठविणाऱ्या ग्राहकांचा प्रकाशकांना होणारा जुना ताप सुद्धा या नव्या आवृत्तीत जसाच्या तसा उतरला, हे येथे नमूद करावयास हवे.

प्रकाशनपूर्व सवलत योजनेत तर वाचक पुस्तक न पाहता, इतकेच नव्हे तर ते छापले जाण्यापूर्वीच पैसे भरीत असे. १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’ने वाचकांना सभासद करून घेत पुस्तक थेट त्यांच्यापर्यंत नेण्याचा प्रयत्न केला, त्यातही दुकान हा घटक अटळ मानलेला नव्हता. तेव्हा ‘दुकान विरुद्ध दुरून मागविणे’ एवढाच भेद धरला, तर इंटरनेटने फारसे काही बदललेले नाही असेच म्हणावे लागेल. बदलली ती यादी. पूर्वी ही यादी प्रकाशक छापीत असे आणि ती सर्वांसाठी एकच असे. आता प्रत्येक ग्राहकासमोर वेगळी यादी येते, ती क्षणोक्षणी नव्याने लागते आणि तिचा क्रम कोणत्या हिशेबाने ठरतो हे ग्राहकाला दिसत नाही. तुलना करावयाची तर या यादीची आणि दुकानातील फळीची केली पाहिजे.

सापडणे आणि भेटणे

पुस्तक ऑनलाइन विक्रीस सोयीचे ठरले, कारण त्याच्या प्रत्येक आवृत्तीला स्वतःचा क्रमांक आहे. आय.एस.बी.एन. सांगितला की जगात कोठेही तीच आवृत्ती मिळते. कापडासारखा पोत पाहावा लागत नाही, चपलेसारखे माप जुळवावे लागत नाही. (प्राध्यापकवर्गाची या क्रमांकाशी दाट ओळख झाली ती २०१० नंतर, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या गुणांकन पद्धतीमुळे, वाचकांच्या सोयीशी त्या ओळखीचा फारसा संबंध नाही.) मराठीत मात्र हा क्रमांक नसलेली पुस्तके विपुल आहेत. जुनी पुस्तके, जिल्ह्याच्या ठिकाणी लेखकाने स्वतः छापलेली पुस्तके, संस्थांच्या स्मरणिका, संतवाङ्मयाच्या स्थानिक आवृत्त्या यांतील कितीतरी पुस्तके यंत्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतात. नोंद झालेल्या पुस्तकांचीही गत फार बरी नाही. मोठ्या संकेतस्थळांवर मराठी शीर्षके दीर्घकाळ रोमन लिपीत नोंदली गेली. ‘आई’ हा शब्द रोमन अक्षरांत दोन-तीन प्रकारे लिहिता येतो, ‘ळ’ला तर त्या लिपीत ठिकाणच नाही. नोंद करणाऱ्याने एक वर्तणी वापरावी आणि शोधणाऱ्याने दुसरी, की गोदामात असलेले पुस्तक ‘उपलब्ध नाही’ ठरते. ‘बुकगंगा’सारख्या मराठी संकेतस्थळाने देवनागरी शीर्षके, मुखपृष्ठे आणि आतील काही पाने दाखविण्याची सोय केली तेव्हा ही अडचण बरीच कमी झाली. हे काम व्यापारी असले तरी त्याचे सूचिशास्त्रीय मोल मान्य करावयास हवे.

एवढे होऊनही एक मूलभूत मर्यादा उरते. शोधाच्या चौकटीत काही लिहिल्याखेरीज शोध सुरू होत नाही. आणि जे नाव माहीतच नाही ते कोणी लिहीत नाही. संकेतस्थळाकडे यावर ‘हे घेणाऱ्यांनी हेही घेतले’ हा उपाय आहे. त्याचा आधार आधीच्या ग्राहकांच्या खरेदीचा असतो. ज्या पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या आहेत त्याच्याविषयी यंत्राजवळ भरपूर माहिती असते, पाच प्रती खपलेल्या पुस्तकाविषयी जवळजवळ काहीच नसते. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती हा वर्षानुवर्षे सर्वसाधारण संकेत राहिला आणि आता त्याहून लहान आवृत्त्याही निघतात. पहिल्या कवितासंग्रहाला किंवा एखाद्या बोलीच्या अभ्यासाला या गणितात जागा मिळणे दुरापास्त होय. म्हणूनच संकेतस्थळावर लाखो पुस्तके असूनही मराठी विभाग उघडला की तीच ती आत्मचरित्रे, त्याच त्या ऐतिहासिक कादंबऱ्या आणि यशस्वी होण्याची अनुवादित पुस्तके पुन्हापुन्हा समोर येतात. विविधता साठ्यात आहे. दर्शनी भागात ती नाही.

दुकानातील फळी लहान असते, पण ती कोणीतरी लावलेली असते. पुण्यातील अप्पा बळवंत चौकात अभ्यासाचे पुस्तक घ्यावयास आलेला विद्यार्थी शेजारच्या गठ्ठ्यातील वेगळेच पुस्तक उचलतो, चार पाने उभ्याउभ्या वाचतो आणि कधी घेतो, कधी ठेवून देतो. ‘हे वाचलंत का?’ असे विचारणारा विक्रेता चुकतही असेल, परंतु त्याची चूक त्याची स्वतःची असते व पुढच्या खेपेस ती त्याला सांगता येते. मुंबईच्या स्ट्रँड बुक स्टॉलचे टी. एन. शानभाग यांना २००३ मध्ये पद्मश्री मिळाली ती पुस्तकविक्रेता म्हणून. १९४८ मध्ये सुरू झालेले त्यांचे दुकान सवलतीसाठीही प्रसिद्ध होते, ही गोष्ट मात्र स्मरणलेखांत मागे पडते. अर्थात सवलत हा ऑनलाइन कंपन्यांचा शोध नव्हे. स्ट्रँडमध्ये सवलत आणि निवड एकाच छपराखाली होत्या. शानभाग २००९ मध्ये वारले आणि २०१८ मध्ये दुकान बंद झाले.

निवडीचे हे काम यंत्राने करून दुकान चालविता येते का, याचा प्रयोग खुद्द अॅमेझॉननेच करून पाहिला. २०१५ मध्ये सिअॅटल येथे तिने पुस्तकांचे प्रत्यक्ष दुकान उघडले. पुस्तकांची निवड संकेतस्थळावरील वाचकांचे तारे आणि विक्रीचे आकडे यांवरून होत असे. पुढे अशी अनेक दुकाने निघाली आणि २०२२ मध्ये ती सर्व बंद करण्याचा निर्णय कंपनीने जाहीर केला. याच सुमारास बार्न्स अँड नोबल या डबघाईस आलेल्या अमेरिकी दुकानसाखळीची सूत्रे २०१९ मध्ये जेम्स डाँट यांच्याकडे आली. त्यांनी प्रत्येक शाखेतील विक्रेत्यांना आपापल्या गावासाठी पुस्तके निवडण्याची मोकळीक दिली आणि दर्शनी जागेसाठी प्रकाशकांकडून पैसे घेण्याची प्रथा मोडली. साखळी सावरली व नव्या शाखा निघू लागल्या. एका उदाहरणावरून सिद्धांत मांडणे धाडसाचे होईल; दर्शनी जागा विकाऊ नसण्याला बाजारातही किंमत आहे, इतके मात्र त्यावरून दिसते. भारतात ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० अन्वये मालाचा क्रम ठरविणारे मुख्य निकष ग्राहकाला सांगणे संकेतस्थळांवर बंधनकारक झाले. ही माहिती लांबलचक अटींच्या तळाशी असते व ती शोधून वाचणारा ग्राहक विरळा.

सवलतीचा हिशेब

तीनशे रुपये छापील किमतीचे पुस्तक संकेतस्थळावर तीस टक्के सवलतीने दोनशे दहा रुपयांना मिळते असे धरू. दुकानदाराला प्रकाशकाकडून मिळणारे कमिशनही तीस टक्केच असेल, तर त्याची खरेदीच दोनशे दहा रुपयांना पडते. भाडे, वीज, नोकराचा पगार आणि कसर लागलेल्या प्रती यांचा खर्च त्याने कोठून काढावा? ग्राहक मात्र दुकानात पुस्तक चाळतो, मुखपृष्ठाचे छायाचित्र मोबाइलवर घेतो आणि घरी जाऊन संकेतस्थळावर मागणी नोंदवितो. असे करणाऱ्यांत अध्यापकांची संख्या नगण्य नसावी. पुस्तक दाखविण्याची सेवा एकाने द्यायची आणि तिचा मोबदला दुसऱ्याने घ्यायचा, हा प्रकार ‘किंमत’ या निकषाखाली ग्राहकाचा फायदा म्हणून नोंदविला जातो. दाखविणारा उरला नाही म्हणजे त्याच ग्राहकाचे किती नुकसान होईल, याला त्या तक्त्यात रकाना नाही.

फ्रान्सने हा प्रश्न कायद्याच्या मार्गाने हाताळला. १९८१ च्या कायद्याने नव्या पुस्तकावरील सवलतीस पाच टक्क्यांची मर्यादा घातली. ऑनलाइन विक्रेते त्यावर फुकट घरपोच सेवा देऊ लागले तेव्हा २०१४ मध्ये सवलत आणि फुकट टपाल एकत्र देण्यास मनाई झाली. त्यावर टपालखर्च एक सेंट आकारण्याची पळवाट निघाली. आणि अखेर २०२३ मध्ये पस्तीस युरोंखालील मागणीवर किमान तीन युरो टपालखर्च सक्तीचा करण्यात आला. भारतात पुस्तकांना असे संरक्षण नाही. परकीय भांडवलाच्या ई-बाजारपेठांनी मालाच्या किमतींवर प्रभाव टाकू नये असे केंद्र शासनाने २०१६ च्या व पुन्हा २०१८ च्या प्रसिद्धिपत्रकात स्पष्ट केले, पण ती तरतूद सर्व मालासाठी आहे. फ्रान्सचा कायदा मराठीत उचलून आणावा असेही सुचविता येत नाही. मराठी पुस्तकांच्या किमती वाचकाला आधीच जड वाटतात. सवलत बंद झाली तर पहिला फटका विद्यार्थ्यालाच बसेल.

मराठीच्या दृष्टीने अधिक निकडीचा प्रश्न पाठवणुकीच्या खर्चाचा आहे. साठ रुपयांची पुस्तिका पाठविण्यास तेवढाच खर्च येणार असेल तर ती ऑनलाइन विकताच येत नाही. भारतीय टपाल खात्याची नोंदणीकृत बुक पोस्ट ही स्वस्त सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली तेव्हा लहान प्रकाशक हवालदिल झाले, त्याचे कारण हेच. मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि पाच किलोपर्यंत शंभर रुपये, अधिक कर, असे तिचे आरंभीचे दर. मोठी कंपनी पाठवणुकीचा खर्च इतर मालाच्या नफ्यात जिरवू शकते. सांगली-लातूरकडील प्रकाशकाला तसे करता येत नाही, आणि म्हणून पोस्टाचा दर हाच त्याच्या ऑनलाइन विक्रीचा खरा पाया ठरतो.

दुकान कोणाचे?

येथपर्यंतचे विवेचन दुकानाच्या बाजूने झुकलेले वाटेल. त्यास एक गंभीर आक्षेप आहे. पुस्तकाच्या दुकानाची जी आठवण मराठी लेखनात वारंवार येते ती गिरगाव, दादर, डेक्कन आणि अप्पा बळवंत चौकाची आहे. तालुक्याच्या गावी ‘पुस्तकांचे दुकान’ म्हणजे पाठ्यपुस्तके, गाइडे, अपेक्षित प्रश्नसंच, वह्या आणि कंपासपेट्या. जून-जुलैत तेथे उभे राहावयास जागा नसते आणि एरवी झेरॉक्सच्या यंत्रावर दुकान चालते. अशा गावातील विद्यार्थिनीला एखाद्या कादंबरीचे नाव वर्गात कळले, तर ती मिळविण्याचा मार्ग पूर्वी एकच होता, तो म्हणजे पुण्या-मुंबईला जाणाऱ्या कोणाला तरी सांगणे. आज ती मोबाइलवरून मागणी नोंदविते आणि पुस्तक चार-आठ दिवसांत घरी येते. आणलेल्या पुस्तकाविषयी तिला कोणास काही सांगावे लागत नाही. शहरातील दुकानाचा उंबरठा सर्वांना सारखाच सोपा होता असेही नाही. काउंटरपलीकडे पुस्तके आणि अलीकडे ग्राहक, अशी जुनी रचना असलेल्या दुकानात नाव सांगितल्याशिवाय पुस्तक हाती येत नसे. शोधाच्या चौकटीवर घेतलेला आक्षेप या काउंटरलाही तंतोतंत लागू पडतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की मराठीतील पुस्तकविक्रीचा एक फार मोठा प्रवाह या दोहोंतही बसत नाही. दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर लोक येतात तेव्हा शिवाजी पार्कच्या मैदानावर पुस्तकांची दुकाने लागतात. नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास हेच दृश्य दिसते. शासनाने प्रकाशित केलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन व भाषणांचे खंड घेण्यासाठी तेथे रांगा लागतात. शेजारी पाच-दहा रुपयांच्या पुस्तिका, चरित्रे, भीमगीतांची संकलने, दिनदर्शिका असतात. चादर अंथरून बसलेला विक्रेता आणि पायी चालत आलेला ग्राहक दोघेही मैदानातच रात्र काढतात. घरी जाताना पिशवीत पुस्तक हवेच, या भावनेने होणारी ही खरेदी आहे. तेथे सवलतीवर घासाघीस होत नाही अशातला भाग नाही. पण गावाकडे न मिळणारे पुस्तक वर्षातून एकदा हाताळून घेण्याची ती जागा आहे. साहित्य संमेलनातील ग्रंथप्रदर्शनाच्या खपाचे आकडे वृत्तपत्रांत नेमाने येतात. या विक्रीची गणना तितक्या नेमाने होत नाही आणि ‘ऑनलाइन की दुकान’ या प्रश्नावलीत तिला पर्याय म्हणून जागाही नसते. प्रश्नावली ज्यांनी तयार केली त्यांचा अनुभव कोठला होता, हे येथे उघड होते.

दोन्ही पद्धती परस्परांपासून अलग राहिल्या आहेत असेही आता म्हणता येत नाही. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर अनेक विक्रेत्यांनी व्हॉट्सअॅपवर याद्या पाठविल्या, मोबाइलवर पैसे घेतले आणि कुरियरने गठ्ठे रवाना केले. यांतील अनेकांनी तो परिपाठ पुढेही चालू ठेवला. उलट बाजूने, डेक्कन जिमखान्यावरील इंटरनॅशनल बुक सर्व्हिस या जुन्या दुकानाच्या नावाशी ‘बुकगंगा’ या संकेतस्थळाचे नाव जोडले गेले.

महाविद्यालयाची खरेदी

या सर्व चर्चेत एक मोठा ग्राहक सहसा दृष्टीआड राहतो, तो म्हणजे महाविद्यालय. ग्रंथालय समिती दरपत्रके मागविते आणि सर्वाधिक सवलत देणाऱ्यास मागणी देते. हिशेब तपासनिसाच्या दृष्टीने ही पद्धत निर्दोष आहे. मात्र तिच्यात निवडीला गुण नाहीत. शहरातील जो विक्रेता विभागप्रमुखाला नव्या पुस्तकाचे नाव सुचवितो, नमुन्याची प्रत आणून देतो, नको असल्यास परत नेतो, तो दोन टक्क्यांनी मागे पडतो आणि मागणी जाते ती मार्चअखेर गठ्ठे उतरविणाऱ्या पुरवठादाराकडे. अनुदान संपविण्याची घाई आणि नॅकच्या भेटीपूर्वी ग्रंथसंख्या वाढविण्याची निकड एकत्र आली म्हणजे यादीत काय आहे हे पाहण्यास कोणास सवड नसते. पुस्तकांची दुकाने बंद पडत असल्याची खंत सभागृहात व्यक्त होते, तीही बहुधा मराठी भाषा गौरव दिनी, आणि त्याच इमारतीतील कार्यालय स्थानिक विक्रेत्याचे दरपत्रक नाकारीत असते.

येथेही तक्त्यात नसलेला एक रकाना आहे, उधारीचा. संकेतस्थळ मागणी नोंदविताना किंवा फार तर पुस्तक हाती देताना पैसे घेते. स्थानिक विक्रेता पुस्तके आधी पोहोचवितो. दाखल नोंदवहीत त्यांची नोंद होते, शिक्के बसतात, देयक समितीपुढे जाते, तेथून कार्यालयात आणि कार्यालयातून पुढील आर्थिक वर्षात. तोपर्यंत ती पुस्तके विद्यार्थ्यांच्या हाती गेलेली असतात आणि त्यांची किंमत प्रकाशकाला विक्रेत्याने आपल्या पदरची चुकती केलेली असते.